महासत्ता आणि उकंडरावच्या सीडी

ज्या गरिबापासून कुणालाच धोका नाही, त्याला मदत करणं म्हणजे साधनसंपत्तीची उधळपट्टी होय. हे महासत्तांना कळतं. (आपल्याला कळत नाही, म्हणून आपण विकसनशील.)

जानेफळच्या पुढं, नाल्यापल्याड आमचं गाव. नाल्यावर पूल नाही. पूर आला की पेशंट या काठाला आणि दवाखाना त्या काठाला. एका महासत्तेच्या वकिलातीकडं पूल मागितला, तर सौजन्यपूर्ण उत्तर आलं: 'आपला प्रदेश पूर्णपणे सुरक्षित असल्याने मदतीस पात्र नाही.' आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

मग सोयाबीनमध्ये रोही (तुमच्याकडं नीलगाय) शिरायला लागले. ते बुजावेत म्हणून उकंडरावनं गाण्याच्या जुन्या सीडी बांधावरच्या तारेला टांगल्या. आमच्याकडं सगळेच टांगतात, पण यानं भंगारातून पोतंभर आणल्या. त्या चमकल्या थेट महासत्तेच्या उपग्रहात. तज्ज्ञांचं एकमत झालं: दुसऱ्या महासत्तेचं रडार!

लगोलग साहेब आले. आमच्या गरिबीनं त्यांना फार गलबलून आलं. टेहळणीचा मनोरा ठरला आणि मनोऱ्याचं सामान यावं म्हणून पूलही. (आपल्या सरकारची परवानगी होती. सरकारलाही गाव त्याच दिवशी सापडलं.) पुलासाठी खड्डे खणले, लोखंड आलं. उकंडरावची सून रेणुका पोटुशी होती. तिनं विचारलं, "पूल पुराच्या आंधी होईन ना?"

"तुमची सुरक्षितता तीच आमची सुरक्षितता," साहेबांनी दुभाष्याकरवी सांगितलं.

उकंडरावला खरं बोलायची खोड. "रडार कायचं हो साहेब? रोह्यासाठी टांगल्या. हे पाहा, हे तं आमच्या पोराच्या लग्नाची हाये."

साहेबांनी लग्न पूर्ण पाहिलं, पंगतीसकट. धोका आढळला नाही. लोखंड परत गेलं. खड्डे मैत्रीखातर ठेवले.

"मामाजी, तुमाले खरं बोलाची काऊन घाई झालती?" रेणुका सासऱ्याला म्हणाली.

आज नाला दुथडी वाहून राह्यला. रेणुकाला सकाळपासून कळा येत आहेत. उकंडराव रडत रडत घरातली ताटं, परात, आरसा, दिसेल ते तारेला टांगतो आहे. आभाळ भरलेलं, त्यामुळं काहीच चमकत नाही.

महासत्ता निर्दय आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मागच्या वर्षी मी 'आमच्या नाल्याला पूल पाहिजे' असा लेख लिहिला होता. तो तुम्ही वाचला नाही. म्हणून यंदा शीर्षकात महासत्ता टांगली, तसे लगेच आलात.