रतिरामभाऊंची पिवळी नळी

सकाळी सहा वाजता दार न वाजवता थेट तुमच्या पाण्याच्या मडक्यापर्यंत पोहोचणारा माणूस आमच्या गावात एकच. रतिरामभाऊ, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. एका खिशात काचेची नळी, दुसऱ्यात औषधाची कुपी. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, एक डोळा मिटून उजेडात धरायचं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात जंतुनाशक आहे. मग हुकूम सुटे, "पिवळं आहे. प्या!" पांढरंच राहिलं तर घरच्या बाईची धडगत नसे.

"भाऊ, चहा पण पिवळाच आहे, तपासता का?" शेजारची मंदा विचारी.

"चहा उकळलेला राहते. त्याच्यावर भरोसा आहे मले," असं गंभीरपणे म्हणून ते कप उचलत.

मंदाच्याच लग्नात तुमसरचं वऱ्हाड पंगतीला बसलं आणि यांनी पाण्याच्या ड्रमात नळी बुडवली. पांढरी! "थांबा! कोणी पेला उचलू नका!" नवरदेवाचा मामा कडाडला, "आमी पाहुणे आहो का आरोपी?" पावडर टाकून अर्धा तास होईपर्यंत वऱ्हाडानं वरणभात कोरडाच गिळला.

हा छळ मी सोसला, कारण नळ येण्याआधीचे पावसाळे मला आठवतात. शाळेच्या व्हरांड्यात सलाईनच्या बाटल्या, खाली बाजांवर माझेच विद्यार्थी. मुली विहिरीचं पाणी भरून दुसऱ्या तासाला वर्गात येत, ओल्या खांद्यांनी. आता त्या प्रार्थनेला उभ्या असतात. पण उपकार केलेला माणूससुद्धा असह्य होऊ शकतो.

माझी पत्नी सुमन गेली, त्या सकाळी तिनं नळावरून घागर भरून ठेवली होती. ती मला रिकामी करवेना. तहानेला दुसरं मडकं होतं. या घागरीतला मी रोज एकच घोट घेई. रतिरामभाऊंची नळी मात्र नेमकी तिथंच बुडे. रोज पांढरी.

"गुरुजी, शिळं पाणी पिऊन राहिले तुमी. फेका."

"नाही."

"कायले पण?"

"माझी मर्जी."

असं रोज. तेरवीच्या दिवशी तर पाहुण्यांदेखत त्यांनी घागर उचलली आणि मोरीकडे निघाले. आयुष्यभर वर्गात आवाज न चढवलेला मी ओरडलो, "ठेवा ती! सुमननं भरलीय!"

त्यांनी घागर जागेवर ठेवली आणि न जेवता गेले.

दुसऱ्या सकाळी दार वाजलं. बाहेर रतिरामभाऊ उभे होते. त्यांना दार वाजवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. हातात पितळेचा गडवा, गडव्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"आमच्या पोरीनं, यमुनेनं आणलं होतं हे पाणी विहिरीवरून. मंग तिले हगवण लागली अन् गेली. त्याच्या दुसऱ्या वर्षी नळ आला."

मी त्यांच्या खिशातल्या नळीकडे पाहिलं. "हे कधी तपासलं?"

"नाही." त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. "लय आटलं आता. पीत नाही मी, गुरुजी. नुसता हलवून पाहतो. आवाज येते अजून."

मग आत येऊन त्यांनी सुमनच्या घागरीच्या तोंडाला स्वतःच्या हातानं फडकं बांधलं. माझं मडकं घासलं, नळावरून भरून आणलं, नळी बुडवली, थेंब टाकले, एक डोळा मिटला.

"पिवळं आहे," ते हळूच म्हणाले. "प्या."