चिंचखेडच्या नळाची चूक दुरुस्त जाहली त्याची बखर

श्रीगजाननास एक आणि ज्यास हें खोटें वाटेल त्यास दोन नमस्कार करून वर्तमान सांगणें ऐसें जे, शके सोळाशें ऐशीं, बहुधान्यनाम संवत्सरीं, एका राज्यांत, नांव पुसूं नये, महाराजांनीं मुलखाचा नकाशा करविला, आणि तो इतका थोर जाहला कीं उलगडतां शेजारच्या राज्यांत दोन हात लोंबे, मग तो सात कुलुपांत ठेविला, आणि किल्ल्या कोठें ठेविल्या तें नकाशावरच लिहून ठेविलें. त्या सालीं चिंचखेडचा जमिनीखालचा खापरी नळ तुंबला आणि हौद कोरडा पडला, आणि नळ कोणीकडून जातो हें गांवांत कोणास ठाऊक नाहीं. मग भिवरा गवळण मोजणीचे दरोगा गिरमाजीपंत यांजकडे गेली. पंतांनीं स्वहस्तें दोरी धरून मुलूख मोजिलेला, सर्व तोंडपाठ.

"पंत, आमचा नळ तेवढा सांगा."

"सरकारी गुपित. शत्रूस कळेल."

"शत्रू कुठं तान्हेलाय? म्हशी तान्हेल्यात."

"मग अर्ज कर. सोबत जागेचा नकाशा जोड."

"नकाशा असता तर तुमचं तोंड कशाला बघितलं असतं?"

ऐसें बोलून भिवरा परतली, आणि बायका जमवून चावडीपुढें रांगोळीनें अख्खा गांव मांडिला, आणि नळ मुद्दाम देवळामागून नेला. मग पंत दहा शिपाई घेऊन नकाशा जप्त करावयास आले, आणि शिपाई रांगोळी गोणींत भरूं लागले, इतक्यांत पंतांची दृष्टि नळावर गेली आणि शेंडीस घाम फुटला.

"थांबा रे. हा नळ कोण्या गाढवानें काढिला?"

"माझा आजा सांगायचा तसा काढला."

"तुझा आजा काय दोरी धरून होता?" ऐसें म्हणून पंत धोतर खोंचून उकिडवे बसले आणि चिमटीनें नळ तेलघाण्याच्या उजवीकडून ओढिला, आणि वळणावर बोट रोविलें. "येथें गाळ धरतो. दरसाल."

मग गांवानें तेथेंच खणिलें, आणि पाणी ऐसें उसळलें कीं पंतांची पगडी हौदापर्यंत पोहत गेली. कारकुनानें पुसलें, "दप्तरीं काय लिहूं? नकाशा दाखविला?"

"खबरदार. लिही, रयतेची चूक दुरुस्त केली."

तात्पर्य, नकाशा अद्याप सात कुलुपांत आहे. रयत दरमहा एक चूक करिते, पंत येऊन दुरुस्त करितात, आणि राज्य सुखें चाललें आहे.