अकरा काळूराम, एक पत्रिका

पूर्णा गावातल्या गोदामात मी रोज मालाच्या हजारो ओळी एक्सेलमध्ये साफ करतो. त्यामुळे शेलार गावच्या आक्काने, म्हणजे माझ्या चुलतीने, तिच्या लेकीच्या, मृणालीच्या लग्नाची यादी पुढे केली तेव्हा मी सांगून टाकलं, "सहाशेच नावं? चहा निवेपर्यंत देतो!"

यादी मृणालीच्या भावाने, भूपेशने, आक्काच्या वहीवरून मोबाइलवर उतरवली होती. नावांच्या मधल्या मोकळ्या जागा एसटीच्या शेवटच्या बाकावर पाय पसरून बसल्यासारख्या! ट्रिम लावलं, सगळी नीट बसली. मग नावांपुढचे कंस. (टेंपो), (लूम), (तळ्याजवळचा, अमुक-तमुक)... हा कचराच! लेफ्ट आणि फाइंड ही सूत्रं जोडून उडवला. शेवटी दुबार नावं काढली. सहाशेची पाचशे बावीस! पत्त्यांच्या चिकटपट्ट्या छापल्या. गोदामातल्या डिलिव्हरीवाल्या कुमारने दोन दिवसांत पत्रिका वाटल्या, सह्यासुद्धा घेतल्या.

तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन.

"राघो, माझ्या भावाला पत्रिका न्हाय!"

"काळूराममामांची? गेली की. काळूराम पाटील, सही हाय."

"सही कोनाची ती बघ!"

बघितली. तळ्याजवळच्या काळूराम पाटलाची. शेताच्या बांधावरून सात वर्षं त्याचं-आक्काचं बोलणं बंद.

"त्याच्या नावाफुडं मी काय लिवलं व्हतं?"

मूळ यादी उघडली. काळूराम पाटील एकूण अकरा. सगळ्यात वरचा (तळ्याजवळचा, बोलवायचा न्हाय). दुबार नावं काढताना एक्सेल पहिलं ठेवतो, बाकीची फेकतो. हे मला माहीत होतं. गोदामात नवीन माणसांना मीच शिकवतो.

"मामा रुसलाय," आक्का म्हणाली. "मृणालीला मांडवात कोन आननार? तू?"

मी मोटारसायकल काढली, मामांचं गाव वळ गाठलं. मामा ओट्यावर बसले होते.

"मला यादीतून काढला कुनी?"

"एक्सेलने, मामा."

"तो कोन? कुनाच्या घरचा?"

"कॉम्प्युटरमधला हाय."

"मंग नवरीला त्योच आनंल!"

मी मोबाइलवर मूळ यादी काढून पुढे धरली. मामांनी चष्मा लावला. काळूराम पाटील (माझा भाऊ, वळ, पयली पत्रिका याला).

मामांनी ते दोनदा वाचलं.

"पयली?"

"पयली."

"आन सोन्या," मामांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला, "ह्ये तू पुसलास?"

उरलेल्या सत्त्याहत्तर घरी मी स्वतः गेलो. प्रत्येक घरी माफी, प्रत्येक घरी चहा. एकही निवेपर्यंत थांबता आलं नाही.

हळदीला सगळ्यात आधी तळ्याजवळचा काळूराम हजर, सहकुटुंब! बेंजो बंद होईपर्यंत नाचला. आक्काने कपाळाला आठ्या घालून का होईना, त्याला स्वतः वाढलं. लग्नाला मामांनी मृणालीला हाताला धरून मांडवात आणलं. मी मागे खुर्ची धरून झोपलो.

परवा आक्का भूपेशच्या लग्नाची वही लिहायला बसली होती. मी हळूच डोकावलो. माझं नाव सापडलं. राघो (जेवायला बोलवायचा. काम सांगायचं न्हाय).