बक्षिसाचा टँकर

भुजंगराव गायकवाडांनी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पळायचं ठरवलं, ते एका स्टेन्सिलमुळं.

लातूरचा जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. पंधरा ऑगस्टला जिल्ह्याचा पहिला वाढदिवस धूमधडाक्यात साजरा करायचा म्हणून गावातल्या मंडळींनी एक समिती काढली होती, आणि समितीनं रस्त्यावरून पळायची शर्यत ठरवली होती. तिच्या पत्रकाचं स्टेन्सिल कापायचं काम कलेक्टर कचेरीत कारकून असलेल्या भुजंगरावांकडं आलं. (कचेरीत ज्या कामाला कोणी वाली नसायचा, ते फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर येऊन बसायचं.) तरुण गट, पहिलं बक्षीस सायकल, एवढं टाइप करून ते पुढच्या ओळीवर आले आणि त्यांची बोटं जागच्या जागी थांबली. चाळिशीच्या पुढचा गट, पहिलं बक्षीस : एक टँकर पाणी, घरपोच. कुणा तेलगिरणीवाल्यानं ते देऊ केलं होतं.

त्या साली मृग कोरडा गेला होता, आर्द्रा कोरड्या गेल्या होत्या आणि पुष्याकडून कोणाला काही आशा उरली नव्हती. नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, म्हणजे नुसता फुसफुसायचा. बोअरवर घागरींची रांग लागायची, आणि आपली घागर पुढं सरकते आहे का हे बघायला घरातलं एक माणूस कायम तिथं अडकलेलं असायचं. माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागली होती. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढं करताना बायकांचा हात जरा अडखळायचा, आणि नंतर त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं.

भुजंगरावांच्या घरी तर एक पत्र पंधरा दिवस उत्तराशिवाय पडून होतं. त्यांची एकुलती एक लेक पंचशीला देगलूरला दिलेली, तिला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारण्यासारखं काय आहे? म्हणून तिनंही बिचारीनं एवढंच विचारलं होतं, की मला न्यायला कधी येताय. इकडं तिची आई नागुबाई रोज रिकाम्या रांजणात डोकावायची. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाळाचं रोजचं धुणं, हे सगळं कशावर करायचं? आणि लेकीला येऊ नको असं कोणत्या तोंडानं लिहायचं? ते पत्र कोनाड्यात होतं आणि जेवताना दोघंही तिकडं पाठ करून बसायचे.

त्या संध्याकाळी भुजंगरावांनी टँकरचं सांगितलं, तेव्हा नागुबाईनं नवऱ्याकडं नखशिखान्त बघितलं. लग्न झाल्यापासून एवढं निरखून तिनं पहिल्यांदाच बघितलं असावं.

"पळता येतंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

शाळेत असताना आपण औशाच्या जत्रेत पळून नारळ मिळवला होता, असं भुजंगरावांनी सांगितलं. (पळणारे तिघं होते, त्यातला एक पडला होता. हे त्यांनी सांगितलं नाही.)

"मग पळा," नागुबाई म्हणाली. "टँकर आला तर आणू पोरीला. न्हाई आला तर मी लिहायला लावते पत्र."

ते भाड्यानं राहत त्या वाड्याच्या मालकानं कधीकाळी अंगणात सिमेंटचा हौद बांधला होता. तो दोन वर्षं कोरडा होता आणि शेजारची जगदेवी त्यात आपली शेळी बांधायची. दुसऱ्याच दिवशी शेळी बाहेर निघाली. नागुबाईनं हौद झाडला, त्याच्या भेगा बुजवल्या आणि गल्लीला कबूल केलं की टँकर आला तर घरटी चार घागरी. तेव्हापासून भुजंगराव हे एकट्या नागुबाईचे राहिले नाहीत, गल्लीचे झाले. कोणी गूळ-शेंगदाणे आणून दिले, कोणी पुतण्याचे पोलीस भरतीचे कॅनव्हासचे बूट आणून दिले. बूट दोन नंबर मोठे होते, म्हणून पुढं जुन्या फायलींचे कागद कोंबले.

सरावाचा पहिला दिवस मात्र फार वाईट गेला. पहाटे बनियन आणि चट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून भुजंगराव जे सुटले, ते पहिल्या वळणावर पोचतात न पोचतात तोच मागं धाडधाड पावलं ऐकू आली. वळून बघतात तर दहा-बारा बायका, हातात घागरी, पदर खोचलेले. त्या साली लातुरात शेहेचाळीस वर्षांचा माणूस पळतोय म्हणजे दोनच अर्थ निघायचे : एक तर कोणी वारलं, नाहीतर टँकर आला. टँकर कुठं हाय, टँकर कुठं हाय, असं विचारत त्यांनी भुजंगरावांना गाठलं. टँकर नाही, मी नुसताच पळायलोय, हे त्यांनी धापा टाकत सांगितल्यावर बायकांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती त्यांना दोन दिवस विसरता आली नाही. त्यातल्या दोघी त्यांना मागं टाकून पुढं गेल्या होत्या, तो सल वेगळाच.

घरीही कौतुक बेताचंच होतं. घाम येईल एवढं पळू नका, बनियन धुवायला पाणी न्हाई, असं नागुबाई बजावायची. मग घाम न येता पळायचा प्रयत्न ते करायचे, आणि ते चालल्यासारखं दिसायचं.

या सगळ्यात एक काळजी त्यांना रात्रंदिवस खात होती. आपला टँकर, म्हणजे अजून आपला नसलेला टँकर, बाहेरचा कोणीतरी येऊन नेईल. बार्शीचे पळणारे तयारीचे असतात, बीडचे तर विचारूच नका. म्हणून ते स्वतः होऊन समितीच्या चिटणीसांकडं गेले आणि पत्रकात नियम घालून घेतला : स्पर्धा फक्त लातूर जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी, अर्जात दुसरा जिल्हा लिहिलेला असल्यास अर्ज बाद, कोणाचीही गय केली जाणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी आपल्या पदरचं घातलं. चिटणीस खूश झाले आणि अर्ज तपासायचं कामही त्यांनी भुजंगरावांवरच सोपवलं. तेवढ्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, कारण वर्षभर कचेरीत ते दुसरं काही करतच नव्हते. जुन्या जिल्ह्याचे छापील कागद पोत्यांनी शिल्लक होते, आणि त्यावरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहायचं, हे त्यांचं सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंतचं काम होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर गंजगोलाईत शर्यत सुरू झाली. औसा रोडनं तीन मैल जायचं आणि परत यायचं. चाळिशीच्या पुढचे अकरा जण होते. पावसाळ्याचे दिवस, पण ऊन वैशाखातलं. पहिल्या मैलातच दोघं रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले आणि तिथंच रमले. वळणाच्या ठिकाणी समितीनं पळणाऱ्यांसाठी पाण्याचा ड्रम ठेवला होता, तो शर्यत बघायला आलेल्यांनी आधीच रिकामा केला होता. ते बघून चौघं चिटणीसांना शिव्या देत शेजारच्या हॉटेलात शिरले. भुजंगरावांच्या घशाला कोरड पडली होती, बुटातल्या फायली टाचेकडं सरकल्या होत्या, छातीत भाता चालला होता. थांबावं असं त्यांना पावलोपावली वाटलं. पण दर वेळी डोळ्यांपुढं पंचशीला यायची, देगलूरच्या दारात बसून वाट बघणारी, आणि पाय आपले आपण पुढं पडायचे. आयुष्यात कशासाठी तरी एवढं जिवावर उदार होऊन ते कधीच झटले नव्हते. शेवटी पुढं एकटा श्रीमंत वाघमोडे उरला, दूधवाला. त्याला रस्त्यात एका गिऱ्हाइकानं थांबवून दुधात पाणी का घालतोस म्हणून हटकलं. पाणीच नाही तर घालू कुठून, असं तो समजावून सांगत होता तेवढ्यात भुजंगराव पुढं निघून गेले आणि पहिले आले.

खरोखर पहिले आले. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं. गल्लीतली पोरं बातमी घेऊन घराकडं धावली. टँकर समोरच उभा होता, त्याला हार घातला होता आणि त्याच्या तोटीतून थेंब थेंब गळत होतं. भुजंगरावांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पत्ता बघायला म्हणून चिटणीसांनी अर्ज काढला. वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"भुजंगराव," ते हळूच म्हणाले, "जिल्हा काय लिहिलाय हो तुम्ही?"

रा. लातूर, ता. लातूर, जि. उस्मानाबाद. अक्षर वळणदार होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत हात जे लिहीत आला, तेच अर्ज भरला त्या संध्याकाळी घरी बसून लिहून गेला होता. नागुबाई तेव्हा पंचशीलाच्या बाळंतविड्याचं बोलत होती आणि त्यांचं लक्ष तिकडं होतं. वर्षभर दुनियेचं उस्मानाबाद खोडलं, घरचं तेवढं राहून गेलं. खाली 'तपासले, बरोबर आहे' असा शेरा होता आणि त्यावर सही त्यांचीच होती.

चिटणीस माणूस वाईट नव्हता, त्यांनी आजूबाजूला बघितलं. पण श्रीमंत वाघमोडे मागंच उभा होता आणि त्याला वाचता येत होतं. त्यानं पत्रकातला नियम मोठ्यानं वाचून दाखवला, कोणाचीही गय केली जाणार नाही, इथपर्यंत. मग हार घातलेला टँकर त्याच्या गल्लीकडं वळला आणि भुजंगराव बूट हातात घेऊन घरी निघाले.

दारात नागुबाई उभी होती. तिच्यामागं हौद, आणि हौदाभोवती अख्खी गल्ली घागरी घेऊन बसलेली. काय झालं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण एकटीला सांगायचा धीर त्यांना नव्हता. एकेक घागर उचलली गेली. संध्याकाळी जगदेवीची शेळी परत हौदात गेली. नागुबाईनं कोनाड्यातलं पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि पेन दिलं. यंदा पाणी नाही, तिकडंच राहा, जिवाला जप, एवढंच त्यांनी लिहिलं. ते लिहिताना त्यांचा हात जेवढा जड झाला, तेवढे त्या दिवशी पायही झाले नव्हते. पुढचे सहा दिवस नागुबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची.

सातव्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आधी जावई उतरले. मग त्यांनी पाण्यानं भरलेले दोन मोठे कॅन उतरवले, झाकणाला फडकी बांधलेले. मग सावकाश, कमरेवर हात ठेवून, पंचशीला उतरली. आमच्या विहिरीला अजून हाय पाणी, दर आठवड्याला गाडीवर टाकून देतो, असं जावई खाली मान घालून म्हणाले. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सासरहून पाणी घेऊन आली होती.

भुजंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान कॅन तरी उचलावा म्हणून ते पुढं झाले, पण मांड्या अजून धरलेल्याच होत्या. ते भिंत धरत, फेंगडे चालत तिच्यापर्यंत पोचले.

"बाबा, हे काय झालं पायाला?" पंचशीलानं घाबरून विचारलं.

नागुबाईनं एका हातानं लेकीला जवळ घेतलं, दुसऱ्या हातानं डोळे पुसले, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काही न्हाई गं," ती म्हणाली. "उस्मानाबाद जिल्ह्यात पयले आलेत."