तुकोजीरावांची शंभरी

तुकोजीरावांना शंभरी गाठवून द्यायचा विडा त्यांच्या दोन्ही मुलांनी एकाच वेळी उचलला, आणि तिथंच घोळ झाला. मंजुनाथचं म्हणणं, भात नि रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, माणसाला लवकर वर पाठवतात. अप्पांनी मटण खावं, तूप खावं. सौम्याचं म्हणणं नेमकं उलटं. धान्य, डाळी, भाज्या खाव्यात. मटण-तूप म्हणजे साक्षात यमाचं आमंत्रण.

भिडस्त तुकोजीरावांनी दोघांनाही एकमेकांच्या नकळत 'हो' म्हणून टाकलं. हिनकल गावात मुलाच्या घरी रात्री ते मटण खात आणि दुपारी पलीकडच्या गल्लीत लेकीकडे भात. अप्पा आपल्याच बाजूचे, असं दोघांनाही वाटे. पोटाची तर चंगळच होती.

खंडेनवमीला मात्र सगळं एका ताटात आलं. पूर्वजांची तलवार पुजून तिला रागीमुद्दे आणि मटणाच्या रश्श्याचा नैवेद्य दाखवायचा, मग त्या ताटातला पहिला घास घरातल्या वडील पुरुषानं घ्यायचा आणि त्यानंतरच बाकीच्यांनी जेवायचं, ही या शिपाईगड्यांच्या घराण्याची रीत. रांधायचा मान थोरल्या बहिणीचा. ऐंशी उलटलेली गिरिजाक्का त्यासाठी वरुणा गावाहून बसनं यायची आणि मसाला स्वतः वाटायची. धाकट्या भावानं, तिच्या तुकूनं, बोटं चाटली की तिला वर्षाचं सार्थक वाटायचं.

तुकोजीराव ताटावर बसले. हात रागीमुद्द्यांकडे गेला.

"अप्पा, आपलं ठरलंय ना?" उजव्या कानाशी मंजुनाथ कुजबुजला.

हात रश्श्याकडे वळला.

"अप्पा, प्रॉमिस केलंय तुमी!" डाव्या कानाशी सौम्या.

मागं सगळं गणगोत भुकेनं कासावीस. शेवटी तुकोजीरावांनी ताटातली लिंबाची फोड उचलली, चोखली आणि म्हणाले, "साकु, पुरे! भूकच नाय आज." पंगत ताटांकडे धावली. मुलं खूश झाली. अक्का तेवढी दारात उभी राहिली.

"अय्यो तुकू, मीठ चुकलं काय रे माझं?"

"तसं नाय, अक्का..."

"असू दे. हातच गेला माझा आता."

खरं सांगावं, तर चारचौघांत आपलं दुटप्पी बिंग फुटणार. तुकोजीराव गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची त्यांना पुढं फार लाज वाटली. अन्न गोड लागेना. अखेर एके सकाळी ते मुलांना न सांगता वरुणाची बस धरून अक्काच्या दारात हजर झाले.

"अक्का, चुकलो मी. तुझ्या हातचं मटण नि मुद्दे वाढ. पोटभर जेवणार आज."

अक्का हसली. "माझी परीक्षा बघतोस होय? पोरांनी वेगवेगळे फोन करून सगळं सांगितलं मला. सौम्या म्हणाली मटण सोडलंस, मंजुनाथ म्हणाला मुद्दे सोडलेस. जास्त जगायला एवढं करतोस तू! म्हटलं, तू जगणार नि मी आधीच गेले, तर तुला कोण हाय? मीबी सोडलं दोन्ही. पाटा नि मोठं पातेलं शेजारच्या चैत्राला देऊन टाकलं."

तिनं मोठ्या उमेदीनं त्यांच्यापुढं उकडलेला घेवडा ठेवला. तुकोजीरावांनी एक शेंग तोंडात घातली. ती गिळेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"होतंय सवय, तुकू. मलाबी पहिले दोन दिवस असंच रडू आलं."