सुरणाची शिकार

चव ही जिभेची नसून प्रतिष्ठेची बाब आहे, हे शास्त्राला अजून मान्य नाही. बहारीनमधल्या मराठी मंडळींनी मात्र ते केव्हाच अमलात आणलेलं आहे. परदेशात दर दहा मराठी माणसांमागे अकरा जणांना आपण तिखट खातो असं वाटतं (अकरावा जेवायला आलेला असतो). खाताना जो पाण्याच्या बाटलीकडे नुसता बघतो, त्याच्या मूळ गावाविषयी शंका घेतली जाते.

या शिस्तीचं मुख्यालय अमवाजच्या एका इमारतीत, तुस्कानोंच्या गच्चीवर आहे. कॉर्नेलियस तुस्कानो वसईचा. मीना सलमान बंदरातल्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीत तो खरेदी बघतो. त्याची बायको रीटा घरी मिरचीचा सॉस करते: लवंगी मिरच्या, लसूण, व्हिनेगर आणि गुळाचा खडा (गूळ कशासाठी, हे आजवर कोणाच्याही जिभेला कळलेलं नाही). समून नावाच्या इथल्या लांबट पावाला तो सॉस चोपडून शुक्रवारी जी सँडविचं होतात, ती खाऊन लोक रडतात आणि रडता रडता "अजून थोडा घाल" म्हणतात. खानदानी माणूस असाच ओळखावा.

कॉर्नेलियसची स्वतःची प्रतिष्ठा वेगळ्या खात्यातली होती. एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की आजोबांकडे बंदूक होती. ती केळीच्या बागेतली वटवाघळं उडवायला होती आणि तिचा बार कधीच निघाला नाही, हे सांगायच्या आत राजन करंदीकरने "म्हणजे शिकारी घराणं!" असं जाहीर करून टाकलं. राजन पुण्याचा आणि त्याच कंपनीत अकाउंट्सला, त्यामुळे त्याने एकदा जाहीर केलेलं मागे घेण्याची सोय नव्हती. कॉर्नेलियसनेही मोठ्या मनाने विरोध केला नाही. शिकारी म्हणवून घेताना त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या, हे इथे स्पष्ट नमूद केलेलं बरं.

शिकारी म्हटला की शिकार आली. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी हरणाच्या मांसाची सँडविचं होतील, अशी घोषणा झाली. मांस न्यूझीलंडहून कंपनीत शिक्क्यानिशी आलंही. पण सगळा माल एका हॉटेलने उचलला आणि गुरुवारी कॉर्नेलियस हात हलवत घरी आला.

"आता लोकांना काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव," रीटा म्हणाली. "मनामातून सुरण आणलाय. वाफवते, तव्यावर चांगला लाल करते, वर सॉस. कोणाला कळतंय?"

"आणि कळलं तर?"

"त्या सॉसच्या पलीकडे आजवर कोण पोचलंय?"

शुक्रवारी कोणीही पोचलं नाही. सुरण जरा कच्चा राहिला होता, त्यामुळे सगळ्यांचे घसे खवखवू लागले. राजनने डोळे मिटून निकाल दिला, "हा घशाला ओरखडा येतो ना, तोच खरा जंगलीपणा. पाळलेल्या जनावरात मफी, नावालाही नाही!" त्याच्या बायकोला, सुनीताला, दुसऱ्या घासाला कोवळ्या गवताचा वास आला. शेजारची कश्मिरा शाकाहारी. ती ताटापासून खुर्ची लांब ओढून वेफर्स खात बसली आणि "बिचारं पाडस" म्हणत तिने डोळे टिपले (तिने सॉस खाल्लेला नव्हता, त्यामुळे हे अश्रू वेगळे मोजावेत). कॉर्नेलियस आजोबांचे किस्से सांगत होता. बंदुकीचा बार आता निघू लागला होता.

पुढच्याच आठवड्यात हॉटेलची तक्रार आली: हरणाचं एक कार्टन कमी. बातमी ऑफिसात फिरायच्या आतच राजनने मॅनेजर महमूद यांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं, की आमचा कॉर्नेलियस आम्हाला हरीण खाऊ घालतो. महमूद यांनी कॉर्नेलियसला आत बोलावलं.

"कॉर्नेलियस, सच बोलो. गोश्त किधर से आया?"

कॉर्नेलियसने मनात भराभर हिशोब केला. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं आणि ईसा टाउनच्या शाळेत शिकणारी मुलगी एस्थर ऐन वर्षात वसईला जाते. माणूस घाबरला की खरं बोलतो, तसं तो बोलला, "सर, वो सुरण था."

"सुरण? ये कौन सा जानवर?"

मित्राच्या मदतीला राजन धावून आला. "सर, आय नो माय व्हेनिसन. दॅट वॉज व्हेनिसन." अकाउंटंटच्या साक्षीपुढे आरोपीच्या कबुलीला काय किंमत असणार?

घरी एस्थरने मान वर न करता तोडगा काढला, "पपा, जस्ट गिव्ह हिम द सँडविच."

दुसऱ्या दिवशी रीटा स्वतः डबा घेऊन ऑफिसात गेली. महमूद यांनी सॉस लावलेलं सँडविच खाल्लं. त्यांचे डोळे लाल झाले, कपाळाला घाम फुटला, आणि बराच वेळ छताकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "ग़ज़ाल!"

म्हणजे हरीण. कॉर्नेलियसने भिंत धरली. रीटाने शांतपणे महमूद यांना ताक पाजलं आणि बिनसॉसचं दुसरं सँडविच पुढे केलं. महमूद यांनी चावलं, थांबले, पुन्हा चावलं.

"ये तो सब्ज़ी है!" ते ओरडले आणि पोट धरून हसले. "खलास! यल्ला, काम पे जाओ." त्याच दुपारी हरवलेलं कार्टन गोठवलेल्या वाटाण्यांच्या मागे सापडलं.

कॉर्नेलियसला इतका आनंद झाला, की शुक्रवारी गच्चीवर त्याने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. हरीण नव्हतं, सुरण होता. आजोबाही शिकारी नव्हते. राजनने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मानलं तुला! चौकशीला खरं हरीण कोण घेऊन जाईल? आणि कार्टनही गुपचूप परत ठेवलंस!"

"देवाशपथ सांगतो, सुरण होता!"

"हो हो, सुरणच," सुनीता डोळा मारत म्हणाली. त्या दिवसापासून कॉर्नेलियसचा मान दुपटीने वाढला आणि पुढच्या वेळी रानडुक्कर असावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचक अर्थातच या मंडळींसारखे नाहीत. सुरण कोणी आणला, कसा वाफवला, हे सगळं त्यांना आम्ही आधीच सांगितलेलं आहे. तरीही "पण ते कार्टन वाटाण्यांच्या मागे गेलंच कसं?" असा विचार ज्यांच्या मनात मघाशी येऊन गेला, त्यांनी येत्या शुक्रवारी अमवाजला यावं. राजनच्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. पाणी मिळणार नाही.