डफ दिल्यावर

रविवारच्या प्रार्थनेआधी धरमसिंगने आपल्या घरी चुलीपाशी डफ तापवायला घेतला, तशी लालीबाई दारातली चप्पल चाचपू लागली. येशूच्या प्रार्थनेला येणाऱ्यांत तांड्यातली ती सगळ्यात नवी.

"भाऊ, हे नका वाजवू. याच्यावरच माह्या अंगात देवी येत होती. अजून पाय थरथरते."

"कातडं बकऱ्याचं हाय, बाई. त्याले काय समजते, कोणाचं गाणं चालू हाय ते?"

बोलणं चोख होतं. नेरहून आलेल्या पास्टरांनीही मान डोलावली. त्या भरात धरमसिंगने असा हात मारला, की पत्रे दणाणले. लालीबाई उठली ती थेट बाहेर. तिच्या पदरात अडकून कोमट चहाचं पातेलं पास्टरांच्या मांडीवर उलटलं, आणि उपदेश त्यांना धरमसिंगचं धोतर नेसून करावा लागला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

"माहं बरोबरच होतं," धरमसिंग जेवताना म्हणाला.

"मंग बसा बरोबर घेऊन," त्याची बायको संगीता म्हणाली. "बाई त गेली."

त्याला घास गोड लागेना. होळीच्या लेंगी गाण्यांसाठी पोरं डफ शोधतच होती. त्याने खुंटीवरचा डफ काढला, त्यांच्यातल्या बादलच्या हाती दिला आणि लालीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"डफ घरातून काढला, बाई. आता या."

ती आली. रविवारी आली, सोमवारी संध्याकाळी आली, मंगळवारीही आली. धरमसिंगचा ऊर भरून आला.

"रोज प्रार्थनेत मन लागून राह्यलं वाटते?"

"तसं नाही, भाऊ. तुमच्या घरी आठवड्यातून एकदाच वाजे. बादलचं घर माह्या भिंतीले लागून हाय."

हे त्याला ठाऊक होतं. देताना आठवलं नव्हतं, एवढंच.

"वापस आणू?"

"नका. येशूवाल्यानं होळी बंद पाडली म्हणतीन पोट्टे."

लांबून डफ ऐकू येत होता.

"चुकून राह्यला," लालीबाई हळूच म्हणाली. "दुसरा ठोका उशिरा पडते."

"कोणी शिकवलंच नाही त्याले."

धरमसिंगची बोटं चटईवर उठली. त्याने हात मांडीखाली दाबून धरला. लालीबाईने ते पाहिलं आणि आपला पाय लुगड्याखाली ओढून घेतला. तो थरथरत होता की ठेका धरत होता, हे त्याने विचारलं नाही.